रिकामी पिकअप का रुतते?

मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की काळ्या रानातल्या गाडीवाटांवर हे हमखास बघायला मिळतं. सकाळी कांदा भरून जी पिकअप त्या वाटेनं डुलत बाहेर पडली, तीच दुपारी मार्केटातून रिकामी परतताना बांधाजवळच्या चढावर अडकते. इंजिन तेच, चालक तोच, वाटही तीच, उलट अंगावरचं ओझं उतरलेलं. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तसं मागचं एक चाक गरागरा फिरतं, चिखल उडवतं आणि स्वतःपुरता खड्डा खणत बसतं. त्याच एक्सलच्या दुसऱ्या टोकाचं चाक मात्र बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर असूनही ढिम्म हलत नाही. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘चार जण हौद्यात चढा रे.’ चार जण चढतात आणि गाडी निघते.

यात दोन कोडी आहेत. वजन वाढल्यावर गाडी निघाली कशी? आणि घट्ट जमिनीवरचं चाक फिरलं का नाही? टू-व्हील ड्राइव्ह पिकअप आडवाटेसाठी तयार करायची म्हणजे या दोन प्रश्नांची उत्तरं गाडीत बसवायची. बाकीचा बराचसा मामला दिखाव्याचा असतो. दुर्दैवानं लोक सुरुवात तिथूनच करतात.

ओझं कोणत्या चाकांवर आहे?

आपल्याकडे रोज दिसणाऱ्या पिकअपची, म्हणजे बोलेरो किंवा योद्धासारख्या गाडीची, मांडणी सरळ असते. इंजिन पुढे, हौदा मागे आणि इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागच्या दोन चाकांना. पुढची चाकं फक्त वळतात, गाडी ओढत नाहीत. या गाड्यांचे चारही चाकांना ताकद देणारे प्रकार निघाले आहेत, पण मालवाहतुकीत दिसतात त्या बहुतेक मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्याच.

चाकाची पकड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्या चाकावर दाब किती आणि जमीन किती घट्ट. समजा रिकाम्या पिकअपचं वजन १७०० किलो आहे. इंजिन आणि केबिन पुढे असल्यामुळे त्यातले हजार किलो पुढच्या एक्सलवर आणि मागे उरतात जेमतेम सातशे. ओल्या मातीत चाकाला त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओढ मिळते असं धरू. म्हणजे मागची चाकं फार तर २१० किलोची ओढ लावू शकतात. आता आठ फुटांना एक फूट असा चढ घ्या. तो चढायला गाडीला तिच्या वजनाच्या आठव्या भागाइतकी, म्हणजे २१२ किलोंची ओढ हवी, आणि चिखलाचा अडथळा वेगळाच. गाडी अडकणारच.

आता मागच्या एक्सलच्या बरोबर वर पाचशे किलो ठेवा. गाडी २२०० किलोंची झाली, तेव्हा चढासाठी २७५ किलो ओढ लागेल. पण मागच्या चाकांवर आता बाराशे किलो आहेत, त्यांची ओढ झाली ३६०. गाडी जड झाली आणि तरीही चढली. हेच फोर-व्हील ड्राइव्ह असतं तर रिकाम्या गाडीचेही १७०० किलो पकडीच्या कामी आले असते: ५१० किलो ओढ. चारही चाकांना ताकद देण्याचा सगळा फायदा या एका आकड्यात आहे. तिथे इंजिनाची ताकद वाढत नाही, आयतं बसलेलं वजन कामाला लागतं.

म्हणून आडवाटेच्या रिकाम्या पिकअपसाठी सर्वांत स्वस्त बदल म्हणजे वाळूची पोती. ती ठेवायची एक्सलच्या वर, अगदी मागच्या फाळक्याशी नव्हे. एक्सलच्या मागे गेलेलं वजन पुढचा भाग उचलतं, स्टिअरिंग हलकं पडतं आणि वळणावर गाडी सरळ जायला बघते. पोती बांधून ठेवा. ब्रेक लागल्यावर सुटं पोतं केबिनच्या पाठीवर येऊन आदळतं. वजनालाही मर्यादा आहेच. फार भुसभुशीत जमिनीत जास्तीचं ओझं पकड देण्याऐवजी गाडीला खाली नेतं.

एकच चाक का फिरतं?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एका अखंड दांड्यावर घट्ट बसवली तर वळताना एकाला घसटावंच लागेल. यावरचा उपाय म्हणजे डिफरेन्शियल, मागच्या एक्सलच्या मधोमध गोल घरात बसलेला दातेरी चाकांचा संच. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतो. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्योर यांनी वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं ते १८२८ च्या सुमारास. मोटारगाडी जन्मायला तेव्हा अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता.

पण हा संच गती वेगळी देत असला तरी जोर मात्र दोन्हीकडे सारखाच वाटतो, आणि गोम इथेच आहे. नांगराला जुंपलेली बैलजोडी आठवा. जू मधोमध बांधलेलं असतं. एका बैलानं ओढ सोडली तर दुसऱ्यानं कितीही रेटा दिला तरी जू नुसतं तिरकं होतं, नांगर पुढे सरकत नाही. चांगल्या बैलाची ओढ आळशी बैलाइतकीच कामी येते. डिफरेन्शियलमध्येही तेच. चिखलातल्या चाकाला फिरवायला अगदी थोडा जोर पुरतो, म्हणून घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. तेवढ्यानं ते हलत नाही. ॲक्सिलरेटर दाबून घसरणाऱ्या चाकाची गती वाढते, उभ्या चाकाचा जोर वाढत नाही.

हे कळलं की एक जुनी युक्तीही कळते. पिकअपचा हँडब्रेक सहसा मागच्या चाकांवर काम करतो. गाडी रुतल्यावर तो थोडा, दोन-तीन खटके ओढून, हलक्या पायानं ॲक्सिलरेटर द्या. घसरणाऱ्या चाकाला आता फिरायला जास्त जोर लागतो, आणि तेवढाच जोर पलीकडच्या चाकालाही मिळतो. थोडक्यात, आळशी बैलाला कामाला लावायचं. नव्या गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल हेच करतं, फक्त ते घसरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबतं आणि ते संगणक ठरवतो. हँडब्रेकची युक्ती क्षणभराची आहे. पाच मिनिटं तसंच रेटलं तर ब्रेकचे लायनर जळतील.

जू पक्कं करणं, म्हणजे लॉकर

कायमचा उपाय म्हणजे गरज पडेल तेव्हा दोन्ही चाकं एकमेकांना जखडणारं लॉकिंग डिफरेन्शियल. मेकॅनिक आणि हौशी मंडळी त्याला नुसतं ‘लॉकर’ म्हणतात. लॉक झालं की दोन्ही चाकं एकाच गतीनं फिरतात. मग एक चाक हवेत असलं तरी सगळा जोर जमिनीवरच्या चाकाकडे जाऊ शकतो.

लॉकर मुख्यतः दोन प्रकारचे. एक स्वयंचलित: दोन चाकांच्या गतीत ठरावीक फरक पडला की आतली यंत्रणा आपोआप जखडते. महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत मिळतं ते मेकॅनिकल लॉकिंग याच जातीचं. त्यासाठी चाक आधी थोडं घसरावं लागतं, म्हणून अशा गाडीत चाक फिरताच पाय काढून घेणारा चालक लॉकरला कामच करू देत नाही. दुसरा चालकाच्या हातातला: डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की हवेच्या दाबानं किंवा विजेनं डिफरेन्शियल जखडतं. हा अधिक भरवशाचा, पण महाग. त्याला कॉम्प्रेसर किंवा वायरिंग लागतं आणि डिफरेन्शियल पूर्ण उघडावं लागतं. या दोहोंच्या मध्ये लिमिटेड स्लिप नावाचा प्रकार आहे. तो पूर्ण जखडत नाही, दोन चाकांमध्ये ठरावीक घर्षण ठेवतो. निसरड्या रस्त्याला तो पुरतो, हवेत लटकलेल्या चाकापुढे कमी पडतो.

काही गॅरेजांत डिफरेन्शियलचे दाते सरळ वेल्डिंग करून जोडून देतात. पैसे वाचतात, पण मग डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासणार, एक्सलवर पीळ पडणार आणि पावसात गाडीची शेपूट कधी सुटेल त्याचा नेम नाही. बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीत हे करू नये.

लॉकरसोबत दोन तोटेही येतात. आडव्या उतारावर, ओल्या गवतात दोन्ही चाकं एकदम घसरली तर गाडीचा मागचा भाग सरळ खाली सरकतो. लॉकर नसताना निदान एक चाक जागा धरून असतं. आणि जखडलेली मागची चाकं गाडीला सरळच ढकलत राहतात, त्यामुळे वळायला जागा जास्त लागते. तरीही टायर सोडून टू-व्हील ड्राइव्ह पिकअपवर एकाच मोठ्या सुट्या भागाचा खर्च करायचा असेल, तर माझं मत लॉकरलाच.

टायर, आणि त्याहून महत्त्वाची हवा

मालवाहू पिकअपच्या मागच्या टायरमध्ये ओझ्याच्या हिशेबानं भरपूर हवा असते, पन्नास पीएसआय आणि त्याहून वर. रिकाम्या गाडीला ती फारच जास्त होते. ढोबळ हिशेब असा: चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब म्हणजे जमिनीला टेकलेल्या टायरचं क्षेत्रफळ. रिकाम्या पिकअपच्या मागच्या एका चाकावर ३५० किलो आहेत. पन्नास पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. तेव्हा टायर टेकतो शंभर चौरस सेंटिमीटरवर. हवा वीस पीएसआयवर आणा, टेकलेली जागा अडीचशेच्या घरात जाते. टायरची भिंत कडक असल्यानं प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण दिशा हीच. हा ठसा रुंदीत फारसा वाढत नाही, तो लांबीत वाढतो. लांब ठसा चिखलात कमी रुततो आणि दगडावर टायर वाकून त्याला धरतो.

रिकाम्या गाडीला खराब वाटेवर वीस-बावीस, मऊ वाळूत पंधरा-अठरा पीएसआय हे वापरातले आकडे. हवा कमी केली की वेगही कमी, हौदा रिकामा किंवा जवळपास रिकामा, आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची. नाहीतर टायरची भिंत तापून फाटते. ट्यूबचा टायर असेल तर आणखी जपायला हवं. कमी हवेत टायर रिमवर थोडा सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि तिचा वॉल्व्ह मुळातून तुटतो. अशा टायरला फार खाली उतरू नये.

टायरच्या नक्षीकडेही बघा. आपल्याकडच्या मालवाहू गाड्यांत पुढे लांब सरळ रेघांचा रिब टायर आणि मागे आडव्या जाड ठोकळ्यांचा लग टायर लावायची पद्धत आहे. त्यामागे तर्क आहे: पुढच्या चाकांना दिशा धरायची असते, मागच्यांना ओढायचं. कोकणातल्या जांभ्याच्या वाटेवर किंवा मुरमाड रस्त्यावर हे जमून जातं. काळी माती मात्र वेगळंच प्रकरण. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरला अशी चिकटते की ठोकळ्यांमधल्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं. तिथे खोल आणि विरळ ठोकळ्यांचा टायर लागतो, म्हणजे फिरताना माती झटकली जाते. असा टायर डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला तितका चांगला नसतो. वर्षातले दहा महिने पक्क्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला मधला, ऑल-टेरेन म्हणून मिळणारा टायर बरा.

> खर्चाचा क्रम
> आधी हवेचा गेज आणि बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर. मग चेसिसला नीट बसवलेले, पुढे-मागे एकेक ओढहूक. मग टायर. मग लॉकर. डिफरेन्शियलची हवानळी उंच करून घेणं यात कुठेही बसतं, त्याला खर्च नगण्य आहे. गाडी उंच करणं सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेकांना ते लागतच नाही.

चौकटीतल्या हवानळीबद्दल दोन शब्द. डिफरेन्शियल चालून तापलेलं असतं. ओढ्यात उतरताच ते एकदम थंड होतं, आतली हवा आक्रसते आणि सीलमधून किंवा घरावरच्या छोट्या झडपेतून पाणी आत ओढलं जातं. काही आठवड्यांनी तेल दुधी झालेलं दिसतं आणि बेअरिंग वाजू लागतं. त्या झडपेला रबरी नळी जोडून तिचं तोंड हौद्याच्या उंचीवर नेलं की काम झालं.

उंच केली म्हणजे वर आली?

गाडी ‘लिफ्ट’ करून घेण्याची हौस मोठी. सस्पेन्शनच्या पाट्यांखाली ठोकळे टाकले, गाडी चार बोटं वर आली, फोटो झकास. पण खाली वाकून बघा. पिकअपच्या मागच्या भागात सर्वांत खाली असतं ते डिफरेन्शियलचं घर, आणि ते एक्सलवर बसलेलं आहे, चेसिसवर नाही. चेसिस कितीही उचला, ते घर होतं तिथेच राहतं. ते वर येतं फक्त मोठ्या टायरनं, आणि तेही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मं. अठ्ठावीस इंची टायरच्या जागी एकतीस इंची लावला तर दीड इंच.

उंचीचा खरा उपयोग कोनांना होतो. पुढचा बंपर चढाला टेकू नये, मागे लांब निघालेला हौदा ओढ्यातून वर येताना घासू नये आणि लांब चेसिसचं पोट बांधावर बसू नये. पिकअपला शेवटच्या दोन्ही दुखण्यांचा त्रास जास्त. पण किंमतही मोजावी लागते. गुरुत्वमध्य वर जातो, शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि ठोकळ्यांवर बसलेला एक्सल जोर पडला की पाट्यांना पिळतो. मोठा टायर घेतला तर गिअरचा हिशेबही बिघडतो. अठ्ठावीसचा एकतीस केल्यावर चाक एका फेऱ्यात जवळपास अकरा टक्के जास्त अंतर कापतं. म्हणजे पहिला गिअर तेवढा कमजोर पडला आणि स्पीडोमीटर साठ दाखवताना गाडी सहासष्टला आहे. भरपाईसाठी डिफरेन्शियलमधली दातेरी चाकांची मुख्य जोडी, म्हणजे क्राउन-पिनियनच बदलावं लागतं.

इथे आपल्या गॅरेजांतल्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. पिकअप गावाकडे आली की मागे एक-दोन पाटे वाढवून घ्यायचे, कारण माल जास्त भरायचा असतो. ओव्हरलोडिंगसाठी ती सोय असेल, आडवाटेसाठी नेमकी उलटी आहे. कडक पाट्यांची रिकामी गाडी खड्ड्यात वाकत नाही, उसळते. एक मागचं चाक हवेत जातं, आणि हवेतलं चाक म्हणजे जोर सोडून दिलेला बैल. आडवाटेला लागतात मऊ, लांब, भरपूर खालीवर होणारे पाटे आणि त्यांना जुळणारे शॉकअप. सस्पेन्शनचं पहिलं काम दोन्ही चाकं जमिनीवर ठेवणं, आराम नंतर.

वाळवंटातले दोन चाकांचे बादशहा

टू-व्हील ड्राइव्ह म्हणजे कमी प्रतीचं, असं वाटत असेल तर मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाकडे बघा. तिथल्या वाळवंटातून १९६७ पासून होणारी लांब पल्ल्याची शर्यत बाहा १००० म्हणून ओळखली जाते. तिच्यातला वरचा वर्ग ‘ट्रॉफी ट्रक’. पिकअपसारखं दिसणारं अंग असलेली ही वाहनं कित्येक वर्षं मागच्या दोन चाकांवरच धावली. मागचं चाक अडीच फुटांच्या आसपास खालीवर होऊ शकतं, असं त्यांचं सस्पेन्शन. अलीकडे चार चाकांचे ट्रॉफी ट्रकही जिंकू लागले आहेत. या शर्यतीचा मार्ग आधी पाहून यायला स्पर्धक साध्या, तयार केलेल्या पिकअप नेत. त्यांना प्री-रनर म्हणत. टोयोटानं १९९८ मध्ये याच नावाची टॅकोमा काढली: उंची फोर-व्हीलची, ताकद मागच्या दोन चाकांना.

डाकार रॅलीतही हेच घडलं. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं पूजोच्या मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनी चार चाकांच्या गाड्यांना हरवलं. नियमांनी टू-व्हील ड्राइव्हला मोठी चाकं, जास्त लांबीचं सस्पेन्शन आणि चालत्या गाडीत बसल्या जागेवरून टायरची हवा बदलण्याची मुभा दिली होती. हवेची किंमत त्या संघाला बरोबर कळली होती.

दोन चाकांना हे जमतं कारण पुढच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट नसल्यानं ती मोकळेपणानं खूप खालीवर होऊ शकतात. गाडीही हलकी राहते. अशी गाडी अडथळा वेगाच्या जोरावर ओलांडते आणि वेग पेलायला सस्पेन्शन लागतं. पण वेग घ्यायला जागाही लागते. सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या दगडी चढावर, एका बाजूला दरी असताना, वेग घेणं हा पर्यायच नाही. तिथे पायी चालण्याच्या गतीनं चढावं लागतं, आणि पुढच्या चाकांना दगडावर ढकलून नेण्याऐवजी त्यांना स्वतः चढावं लागतं. शिवाय फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतला ‘लो’ गिअर, जो जोर दोन-अडीच पट करतो आणि उतारावर गाडी इंजिनानंच रोखून धरतो, तो टू-व्हीलमध्ये नसतो. ही उणीव कोणताही लॉकर भरून काढत नाही.

मग पुढेही एक्सल बसवला तर?

बसवता येतो. त्यासाठी गिअरबॉक्सच्या मागे ताकद पुढे-मागे वाटणारा ट्रान्सफर केस, पुढे डिफरेन्शियल असलेला नवा एक्सल, दोन वेगळ्या मापाचे शाफ्ट, पुढचं सस्पेन्शन आणि बहुधा स्टिअरिंगही बदलावं लागतं. पुढचा एक्सल इंजिनाच्या तेलाच्या चेंबरला अडू नये याची सोय करावी लागते. पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर जुळलंच पाहिजे, नाहीतर घट्ट रस्त्यावर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि काहीतरी तुटतं. एवढं करून उभी राहिलेली गाडी कंपनीतून फोर-व्हील म्हणूनच निघालेल्या जुन्या गाडीपेक्षा महाग पडते आणि भरवशाला कमी. खरंच चार चाकं हवी असतील तर ही विका, ती घ्या.

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. हवा कमी-जास्त करणं, पोती ठेवणं, कंपनीनं मान्य केलेल्या मापाचा टायर लावणं यांना अडचण नाही. उंची, चेसिस, एक्सल यांना हात लागला की प्रश्न सुरू होतो, आणि पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असल्यानं फिटनेसच्या वेळी तो समोर येतोच. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच पहिलं बघेल. म्हणून गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा, आणि उत्तर लेखीच घ्या.